सत्र घ्या, संध्याकाळ नको

आपल्या वार्षिक अभ्यास शिबिराच्या आखणीसाठी गेल्या महिन्यात बैठक झाली. दोन दिवसांचं शिबिर, एकूण सात सत्रं. त्यातलं एक 'लैंगिकता, लिंगभाव आणि मुस्लिम समाज' या विषयावर असावं असा प्रस्ताव आला आणि फारशी खळखळ न होता मंजूर झाला. दहा वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं, त्यामुळे मला बरं वाटलं. मग आपल्या एका कार्यकर्तीनं पुढचा मुद्दा मांडला. सत्र सकाळी आहे, तर संध्याकाळ मोकळी का सोडायची? वस्तीतल्या ढोलक वाजवणाऱ्या हिजडा मंडळींना बोलावू, त्यांना रीतसर मानधन देऊ, परवेझ शर्मा यांची 'अ जिहाद फॉर लव्ह' ही फिल्म दाखवू आणि मग सगळे एकत्र जेवू. जी समलिंगी किंवा पारलिंगी मुसलमान मुलं-मुली सत्रात तोंड उघडणार नाहीत, ती जेवताना तरी आपल्याशी बोलतील.

खोलीत जी शांतता पसरली ती मला नीट आठवते. आपले एक ज्येष्ठ साथी, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो, तिला म्हणाले, "बेटा, सत्र घ्या. संध्याकाळ नको. अभ्यास वेगळा, जलसा वेगळा." मतदान झालं. नऊ विरुद्ध दोन. त्या नऊ हातांमधला एक माझा होता.

बैठक संपल्यावर खाली चहाच्या टपरीवर ती मला एवढंच म्हणाली, "भाई, तुम्ही शोधनिबंध ऐकायला तयार आहात. माझ्या भावाबरोबर जेवायला नाही." तिच्या परवानगीनं हे इथे लिहितोय. तिच्या भावाबद्दल यापेक्षा जास्त काही लिहिणार नाही.

घरी आल्यावर मी स्वतःला पटवत राहिलो की माझं मत योग्यच होतं. सत्र झालं पाहिजे, ते निर्विघ्न पार पडलं पाहिजे, संध्याकाळचा गाजावाजा झाला तर उद्या सत्रही हातचं जाईल, वगैरे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. जोखीम कमी करत जाणं ही माझ्या कामाची सवय आहे. पण जी गोष्ट 'बाजूची' म्हणून काढून टाकायला आपण इतक्या सहज तयार होतो, ती खरंच बाजूची असते का, हे पाहावं म्हणून मी थोडं वाचायला बसलो. काही जुनंही आठवलं, ते पुढे येईल.

आशियातल्या क्विअर अभ्यासाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद ७ ते ९ जुलै २००५ या तीन दिवसांत बँकॉकला झाली. 'आशियातील लैंगिकता, लिंगभाव आणि हक्क' असं तिचं नाव होतं. ऑस्ट्रेलियातून सुरू झालेलं 'एशियापॅसिफिक्विअर' हे अभ्यासकांचं जाळं आणि महिडॉल विद्यापीठाचा मानवी हक्क अभ्यास विभाग हे तिचे यजमान. मी तेव्हा बारावीत होतो. जुलै २००५ म्हटलं की मला २६ जुलैचा पाऊस आठवतो, आणि ७ जुलै म्हटलं की लंडन. त्या गुरुवारी सकाळी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्फोट झाले, ५२ प्रवासी मारले गेले, आणि पुढची कित्येक वर्षं आपल्यापैकी प्रत्येकाला कुणी ना कुणी विचारत राहिलं की 'तुमचा इस्लाम याबद्दल काय म्हणतो?' त्याच दिवशी बँकॉकच्या एका हॉटेलात 'मुसलमान असणं आणि समलिंगी असणं' या गोष्टी शांतपणे बोलल्या जात असतील, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

बँकॉकच का? उत्तर साधं आहे. तिथला व्हिसा सोपा, विमान स्वस्त, आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा थायलंडनं १९५६ मध्येच काढून टाकलेला. तोवर या विषयावरच्या मोठ्या परिषदा पश्चिमेकडे भरायच्या. आशियातल्या माणसांबद्दल तिथे निबंध वाचले जायचे, पण ती माणसं तिथे पोहोचायची नाहीत. भाडं परवडायचं नाही, व्हिसा मिळायचा नाही, आणि ज्यांच्या ओळखपत्रावरचं लिंग आणि समोरचा चेहरा जुळत नाही त्यांची विमानतळावर काय अवस्था होते ते वेगळं सांगायला नको. बँकॉकमध्ये पहिल्यांदा असं झालं की ज्यांचा अभ्यास होतो ती माणसं शेकड्यांनी जमलेल्या अभ्यासकांच्या बरोबरीनं येऊ शकली. थायलंडचे कथोई आणि टॉम, फिलिपिन्सचे बाक्ला, इंडोनेशियाच्या वारिया, आपल्याकडच्या हिजडा आणि कोती. शब्दांची ही यादीच मला महत्त्वाची वाटते. 'हे सगळं पश्चिमेकडून आलेलं खूळ आहे' असं म्हणणाऱ्यांनी एकदा आपापल्या भाषेतले जुने शब्द मोजून पाहावेत. मराठीत नुसता यल्लम्माचा 'जोगता' घेतला तरी पुरे.

अशा परिषदेत सत्रं असतात आणि सत्रांच्या भोवतीचं एक जग असतं. पुस्तकांची टेबलं, संध्याकाळचे चित्रपट, कुणी सादर केलेलं नृत्य, उशिरापर्यंत चालणारी जेवणं. कार्यक्रमपत्रिकेत ते शेवटच्या पानावर लहान अक्षरात छापतात. सत्रात अभ्यासक बोलतो आणि 'विषय' खाली बसून ऐकतो. जेवणाच्या टेबलावर दोघांना मीठ मागावं लागतं. ज्याच्यावर निबंध लिहिला त्यानं लेखकाला 'तू माझ्याबद्दल हे चुकीचं लिहिलंस' असं तोंडावर सांगण्याची जागा सभागृहात क्वचितच असते. ती बाहेर असते.

पण या यजमानपणाची दुसरी बाजू न सांगता पुढे गेलो तर आपल्या वाचकांशी लबाडी होईल. त्या परिषदेच्या नऊ महिने आधी, २५ ऑक्टोबर २००४ ला, रमजानच्या महिन्यात, थायलंडच्या दक्षिण टोकाला ताक बाई या गावी पोलीस ठाण्यासमोर मुसलमानांनी निदर्शनं केली. लष्करानं शेकडो पुरुषांना पकडलं, हात पाठीमागे बांधले आणि ट्रकमध्ये एकावर एक पालथं रचून तासन् तास दूरच्या छावणीत नेलं. ७८ जण त्या ट्रकांमध्ये गुदमरून मेले. एकूण मृत ८५. आणि परिषद संपल्यावर आठवड्याच्या आत, १६ जुलै २००५ ला, थाकसिन सरकारनं आणीबाणीचा वटहुकूम काढला आणि तो याच मुस्लिमबहुल दक्षिण प्रांतांना लावला. म्हणजे एकच राज्यसंस्था बँकॉकमध्ये मोकळी होती आणि नराथिवातमध्ये अशी. याला काय म्हणायचं? आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, बघा, यांचा मोकळेपणा म्हणजे मुखवटा. मला हे अर्धंच पटतं. राज्यसंस्था आपल्या सोयीनं कुणाला जवळ करते आणि कुणाला चिरडते, हे खरंच आहे. इथेही तेच चालतं. पण म्हणून त्या हॉटेलात जमलेल्यांचं दुःख खोटं ठरत नाही, आणि ताक बाईच्या ट्रकमध्ये एकही समलिंगी माणूस नव्हता असंही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. दोन जखमा एकमेकींवर झाकण म्हणून वापरायच्या, ही सवय आपण बहुसंख्याकांकडून उचलली आहे. ती त्यांना लखलाभ.

आता मला जे आठवलं ते सांगतो.

२०११ साली कंपनीनं मला पहिल्यांदा परदेशी पाठवलं, क्वालालंपूरला, आठ महिन्यांसाठी. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मलय मुलगा होता, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा. दर जुम्म्याला मला हाक मारून मशिदीत घेऊन जायचा, खुतबा मलय भाषेत असायचा तर परतताना त्याचा सारांश इंग्रजीत सांगायचा. त्या शहरात २००८ पासून 'सेक्सुआलिती मर्देका' नावाचा वार्षिक उपक्रम चालायचा. 'मर्देका' म्हणजे स्वातंत्र्य. १९५७ साली मलायानं इंग्रजांपासून मोकळं होताना दिलेली घोषणा. त्यात चर्चासत्रं, कार्यशाळा, पुस्तक प्रकाशन, नाटकं, गाणी असं सगळं असायचं. त्या वर्षी नोव्हेंबरात तो होणार होता आणि निवडणूक सुधारणांच्या 'बेरसिह' आंदोलनाच्या नेत्या अंबिगा श्रीनिवासन त्याचं उद्घाटन करणार होत्या. वर्तमानपत्रांनी त्याला 'मुक्त लैंगिक संबंधांचा उत्सव' असं नाव दिलं आणि मग गदारोळ थांबेना. गुरुवार, ३ नोव्हेंबरला पोलिसांनी बंदी घातली.

दुपारी कॅन्टीनमध्ये आमची भारतीय टोळी जेवायला बसली होती. या बंदीवरून विनोद सुरू झाले. कसले, ते सांगायची गरज नाही. मी हसलो. विनोद मी केले नव्हते, पण हसलो मात्र सगळ्यांच्या बरोबरीनं. तो मलय मुलगा त्याच टेबलावर बसून मान खाली घालून जेवत होता.

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. तो नेहमीप्रमाणे माझ्या टेबलापाशी आला, "चल, उशीर होईल" म्हणाला. रविवारी बकरी ईद होती आणि त्यानं मला घरी बोलावलं होतं. मी गेलो. त्याच्या आईनं रेंदांग केलं होतं, सोबत केतुपात, म्हणजे माडाच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात. घरात आणखी सात-आठ मुलं-मुली होती. थोड्या वेळानं लक्षात आलं की ही सगळी एका छोट्या नाटकातली मंडळी आहेत, गेला महिनाभर याच घरात तालीम करत होती, आणि नाटक होणार होतं ते बंदी घातलेल्या उत्सवात. माझा मित्र त्यात काम करत होता. त्याच्या आईला सगळं माहीत होतं की थोडंच, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तिनं प्रत्येकाच्या ताटात दोनदा वाढलं. जेवणानंतर कुणीतरी एक प्रवेश म्हणून दाखवला, मलयमध्ये. मला एक शब्दही कळला नाही. बाकीचे हसत होते, एक मुलगी रडत होती. मी माफी मागितली नाही. कशी मागायची तेच सुचलं नाही, आणि मग प्रोजेक्ट संपला.

त्या उत्सवातलं काय गुन्हेगारी होतं? मलेशियात समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारी कलमं आपल्याकडच्या पूर्वीच्या कलमासारखीच ३७७ क्रमांकाची आहेत, इंग्रजांनी ठेवून दिलेली. शिवाय राज्यांचे शरियती कायदे आहेत. पण चर्चा करणं किंवा नाटक करणं यातल्या कुठल्याच कलमात बसत नव्हतं. बंदी सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावानं आली. लोक भडकतील म्हणून भडकवणाऱ्यांना नाही, भडकवले जाण्याचं निमित्त असलेल्यांना घरी बसवायचं. हे वाचताना भारतीय मुसलमानाला काही ओळखीचं वाटत नसेल, तर त्यानं पुन्हा वाचावं.

इंडोनेशियात त्याच्या आदल्या वर्षी दोन गोष्टी घडल्या होत्या. सुराबाया शहरात २६ ते २८ मार्च २०१० ला 'इल्गा-एशिया' या आशियाई संघटनेची चौथी प्रादेशिक परिषद भरणार होती. (पहिली २००२ साली भरली होती, आणि ती आपल्या मुंबईत. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे?) यजमान होती 'गाया नुसांतारा' ही १९८७ पासून काम करणारी इंडोनेशियन संस्था. पोलिसांनी परवानगी नाकारली, ठरलेल्या हॉटेलनं अंग काढून घेतलं, दुसरं हॉटेल शोधलं. २६ तारखेला, जुम्म्याच्या दिवशी, इस्लामचं नाव घेणाऱ्या संघटनांचा जमाव त्या हॉटेलच्या लॉबीत घुसला आणि पाहुण्यांनी शहर सोडावं म्हणून ठिय्या देऊन बसला. देशोदेशींहून आलेले प्रतिनिधी आपल्याच खोल्यांमध्ये अडकले. परिषद रद्द झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात जकार्तामध्ये २००२ पासून भरणाऱ्या 'क्यू!' चित्रपट महोत्सवावर अशाच संघटना चाल करून गेल्या. जर्मन सांस्कृतिक केंद्रासमोर तोंडं झाकून घोषणा दिल्या गेल्या.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. इंडोनेशियन विद्यापीठांत वारियांवर प्रबंध लिहिले जात होतेच. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ टॉम बेल्स्टॉर्फ यांचं इंडोनेशियातल्या समलिंगी पुरुषांवरचं पुस्तक २००५ मध्ये आलं. त्या पुस्तकांच्या विरोधात लॉबीत कुणी ठिय्या दिला नाही. ठिय्या दिला तो जेव्हा माणसं एका छताखाली राहायला, जेवायला, पडद्यावर स्वतःला बघायला एकत्र आली तेव्हा. माझ्या डोक्यात लगेच चाचांचं वाक्य आलं. मी चाचांची तुलना त्या जमावाशी करत नाही. चाचांनी ऐन दंगलीत दुसऱ्यांची लेकरं आपल्या घरात ठेवली आहेत, त्या जमावातल्या कुणाच्याही वाट्याला ती उंची येणार नाही. पण रेघ त्यांनी ओढली ती नेमकी त्याच जागी ओढली, आणि मी ती ओढू दिली.

शिवाय 'अभ्यास वेगळा, जलसा वेगळा' हे महाराष्ट्रात बसून म्हणायचं? सत्यशोधकांनी जलशातून शिकवलं, आंबेडकरी जलशांनी वस्त्या-वस्त्यांत तेच केलं. आपल्या बार्शीचे अमर शेख, मूळ नाव मेहबूब पटेल, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक घेऊन फिरले तेव्हा त्यांना कुणी 'आधी सत्र घ्या' असं सांगितलं नव्हतं. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत सचिवालयावर मोर्चा काढला, तोही बंद खोलीत परिसंवाद घेऊन नव्हे. त्या सात जणींना रस्त्यावर बघून किती लोकांचं डोकं फिरलं असेल, याची कल्पना करता येते.

चाचांच्या म्हणण्यात एक मुद्दा मात्र खरा होता, आणि तो बैठकीत नीट ऐकला गेला नाही. ते म्हणाले, "ढोलकवाल्यांना नाचायला बोलवाल आणि त्यालाच बदल म्हणाल." हे मला टोचलं. इंडोनेशियाच्या दक्षिण सुलावेसीमध्ये बुगिस नावाचा समाज आहे, पक्का मुसलमान, आणि त्यांच्या परंपरेत पाच लिंगप्रकार मानले जातात: पुरुष, स्त्री, चलाबाई, चलालाई आणि बिस्सू. बिस्सू हे पुरोहित. त्यांच्या विधीत कट्यार स्वतःच्या गळ्याला टोचून दाखवतात. १९५० आणि ६० च्या दशकात कहार मुझक्कर याच्या इस्लामी बंडखोरांनी त्यांच्यामागे मोहीम लावली, अनेकांना मारलं, अनेकांना जबरदस्तीनं 'तौबा' करायला लावलं. आणि २००४ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन दिग्दर्शकानं 'इ ला गालिगो' या बुगिस महाकाव्यावर भव्य नाटक केलं, सिंगापूरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला, त्यात एक खरेखुरे बिस्सू रंगमंचावर होते. टाळ्या झाल्या असणार. एकीकडे तलवार, दुसरीकडे टाळ्या. बुगिस गावात आज म्हाताऱ्या होत चाललेल्या बिस्सूंच्या घरी जेवायला किती जण जातात, हा तिसरा प्रश्न. परिषदांच्या 'सांस्कृतिक संध्या'सुद्धा या खोड्यात अडकू शकतात. पाहुण्यांना स्थानिक रंग दाखवायचा, फोटो काढायचा, सकाळी पुन्हा सत्र.

हिजड्यांच्या बाबतीत तर आपण मुसलमान हेच करत आलोय. मूल झालं की ढोलक, बिदागी, दुआ. दिल्लीत मेहरौलीला लोदी काळातला 'हिजड्यांचा खानकाह' आहे, कबरी आजही नीट राखलेल्या आहेत, आणि त्या हिजड्यांनीच राखल्या आहेत. कित्येक हिजडा घराण्यांचे गुरू मुसलमान आहेत, रोजे ठेवतात, हजला जाऊन आलेले आहेत. त्यांची दुआ आपल्याला चालते. त्यांच्या शेजारी सफमध्ये उभं राहायचं म्हटलं की आपल्याला फतवा आठवतो.

म्हणून जोग्याकार्ताच्या मदरशाबद्दल लिहितो. २००६ साली तिथे भूकंप झाला, हजारो माणसं गेली, त्यात काही वारियाही होत्या. मर्यानी नावाच्या एका वारियानं त्यांच्यासाठी दुआ मागायला सगळ्यांना घरी बोलावलं. त्यातून २००८ मध्ये 'अल-फतह' नावाची पसांत्रेन, म्हणजे मदरसा, सुरू झाली. मर्यानीच्या मृत्यूनंतर २०१४ मध्ये ती शिंता रात्री यांच्या कोटागेडे भागातल्या घरी हलली. तिथे वारिया कुराण शिकतात, एकत्र नमाज पढतात. नमाजेला पुरुषांची लुंगी नेसायची की बायकांची 'मुकेना' घालायची, हे ज्यानं-तिनं ठरवायचं. एकत्र स्वयंपाक, एकत्र इफ्तार. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'इस्लामी जिहाद आघाडी' नावाच्या टोळीनं धमक्या दिल्या आणि मदरसा बंद करावा लागला. नंतर हळूहळू पुन्हा सुरू झाला. शिंता रात्री २०२३ मध्ये वारल्या. जगभरचे अभ्यासक त्या घरी जाऊन आले. मला त्यात आवडतं ते हे की तिथे अभ्यासक पाहुणा असतो. जेवण कधी वाढायचं ते घरची माणसं ठरवतात, आणि नमाजेची वेळ झाली की मुलाखत थांबते.

धर्मशास्त्राबद्दल मी इथे निवाडा देणार नाही, तो माझा वकूब नाही. स्कॉट कुगल यांच्यासारखे मुसलमान अभ्यासक लूत अलैहिस्सलाम यांच्या कौमच्या कथेचा वेगळा अर्थ लावतात. बहुसंख्य उलेमांना तो मान्य नाही. सकाळच्या सत्रात हे दोन्ही मांडलं जाईल, जावंच. पण एकत्र जेवायला आधी एकमत लागतं, हा नियम आपण कधीपासून आणला? आपल्या दस्तरखानावर व्याज घेणारे बसतात, हुंडा घेणारे तर हारतुरे घेऊन बसतात. कुणाच्याही ताटाआधी फिकहची किताब उघडली जात नाही. एक कडवट गंमत सांगतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ ला कलम ३७७ ची धार काढली, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांमध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, ख्रिस्ती संघटना होत्या, आणि सुरेशकुमार कौशल नावाचे एक ज्योतिषीही. २०१३ मध्ये ही मंडळी जिंकली. या देशात सर्वधर्मसमभावाची इतकी पक्की युती दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर झालेली मला आठवत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला तो निकाल उलटला. कायदा त्या दिवशी बदलला. शिबिराच्या संध्याकाळी कोण कुणाशेजारी बसणार, ते ठरवायचं काम न्यायालयाचं नाहीच.

भीतीही खरी आहे, ती मी नाकारत नाही. 'अ जिहाद फॉर लव्ह'मध्ये दिसणारे दक्षिण आफ्रिकेचे इमाम मुहसिन हेंड्रिक्स दर वर्षी केप टाऊनला जगभरच्या क्विअर मुसलमानांना काही दिवस एकत्र राहायला बोलवायचे. ज्या देशाच्या राज्यघटनेत लैंगिक कलावरून भेदभाव करायला स्पष्ट मनाई आहे, त्याच देशात १५ फेब्रुवारी २०२५ ला त्यांना मोटारीत गोळ्या घालून मारलं. त्या फिल्ममधल्या काहींचे चेहरे पुसट केलेले आहेत. हेंड्रिक्स यांचा चेहरा स्वच्छ दिसतो.

तेव्हा हिशेब असा. येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. संध्याकाळचा ठराव मी स्वतः फेरविचारासाठी मांडणार आहे, चाचांच्या आक्षेपासकट. ढोलकवाल्यांना नाचायला नाही, यजमान म्हणून बोलवायचं; कार्यक्रम काय असावा ते त्यांनी ठरवायचं, गाणं नको असेल तर गाणं नाही. सकाळच्या वक्त्याला जेवढं मानधन, तेवढंच त्यांना. दारावर नावनोंदणी नाही, आत फोटो नाहीत, समाजमाध्यमांवर एक ओळ नाही. मगरिबची जमात त्याच सभागृहात, आणि सफमध्ये कोण कुठे उभं राहतं ते कुणी कुणाला विचारायचं नाही. चाचांना मी हे फोनवर सांगितलंय. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "रविवारी बघू."

आकडे मी मोजलेत. नवातून मी कमी झालो तरी आठ विरुद्ध तीन उरतात. ठराव पडला तर शिबिराच्या पहिल्या दिवशी रात्री जेवण माझ्या घरी. दिवाणखान्यातला सोफा बाहेर काढला की वीस-बावीस माणसं मांडी घालून बसतात. अम्मीला विचारलंय. मटण किती आणि शाकाहारी किती, हे दोन दिवस आधी कळवा, एवढंच ती म्हणाली.